पोटदुखीच्या रांगेतली गरोदर बाई

सरकारी कागदावर गरोदरपण सुरू होतं ते नोंदणीपासून. पाळी चुकली, आशाताईला कळलं, लघवीची पट्टी झाली, बारा आठवड्यांच्या आत नाव लागलं, की मग कार्ड, लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन, सोनोग्राफीची तारीख असं सगळं ओळीनं येतं. ही व्यवस्था चांगली आहे आणि तिनं काम केलं आहे. २०१८-२०च्या नमुना नोंदणी पाहणीत देशाचा मातामृत्यूचा आकडा लाख जिवंत जन्मांमागे ९७ होता, तर महाराष्ट्राचा ३३. पण गरोदरपणातला एक अपघात असा आहे, की तो या नोंदणीसाठी थांबत नाही. गर्भ पिशवीत रुजण्याऐवजी नळीत रुजतो आणि सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमाराला नळी फाडतो. त्या वेळी बाईच्या हातात कार्ड नसतं, तिचं नाव कुठल्या यादीत नसतं, पुष्कळदा दिवस गेलेत हे तिला स्वतःलाही ठाऊक नसतं. ती दवाखान्यात येते ती पोटदुखीची, चक्करची, जुलाबाची, नाही तर नुसत्या ‘अशक्तपणा’ची रुग्ण म्हणून. कर्जत तालुक्यातल्या नेरळसारख्या ठिकाणी तिला वाचवायचं तर काय हवं, असं विचारलं की यंत्रांची यादी पुढे येते. माझं म्हणणं असं, की त्या यादीच्या आधी दोन गोष्टी येतात आणि त्या दोन्ही स्वस्त आहेत: पोटदुखीच्या रांगेत वेळेवर आलेला संशय आणि संशय आल्यावर न रेंगाळता घेतलेला निर्णय.

रोगाची रीत आधी पाहू. स्त्रीबीज आणि शुक्राणू यांची गाठ पडते ती नळीत. फलित झालेलं बीज तिथल्या अस्तरावरच्या सूक्ष्म केसांच्या हालचालीनं काही दिवसांत पिशवीकडे सरकतं. जुन्या जंतुसंसर्गानं, क्षयरोगानं किंवा आधीच्या शस्त्रक्रियेनं ते अस्तर खराब झालं असेल, तर बीज वाटेतच अडतं आणि अडलं तिथेच मूळ धरतं. शंभर गरोदरपणांत एक-दोनदा असं होतं. अशा अस्थानी गर्भांपैकी पंच्याण्णव टक्क्यांच्या आसपास नळीतलेच असतात. पिशवीची भिंत जाड, गर्भासाठी ताणली जाणारी. नळीला ती सोय नाही. गर्भाची मुळं तिची भिंत पोखरतात, रक्तवाहिन्या उघड्या पडतात आणि रक्त पोटाच्या पोकळीत उतरू लागतं. फसगत होते ती इथे. अंगावरून जातं डागभर आणि आत साचतं लिटरभर. पंचेचाळीस किलोच्या बाईच्या अंगात एकूण रक्त जेमतेम तीन लिटर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयोगटातल्या निम्म्याहून अधिक बायका रक्तक्षयी आढळल्या होत्या. म्हणजे त्या तीन लिटरांतही दम कमीच.

लक्षणंही सरळ बोलत नाहीत. पोटातलं रक्त श्वासपटलाला भिडलं की दुखणं खांद्याच्या टोकाशी जाणवतं, कारण श्वासपटलाकडे जाणारी नस मानेतून निघते आणि खांद्याची संवेदनाही तिथलीच. पिशवी आणि गुदाशय यांच्यामधल्या खळग्यात रक्त साचलं की सारखं शौचाला लागल्यासारखं होतं, जुलाब होतात, उलट्या होतात. ब्रिटनमधल्या मातामृत्यूंच्या गोपनीय चौकशांनी वर्षानुवर्षं हेच लिहून ठेवलं आहे, की नळीतला गर्भ पोटाच्या साध्या बिघाडाचं सोंग घेऊन येतो आणि डॉक्टर फसतात. तिथे फसतात, तर पावसाळ्यात गॅस्ट्रोच्या रुग्णांनी भरलेल्या आपल्याकडच्या ओपीडीत फसणारच. शिवाय तरुण शरीर शेवटपर्यंत रक्तदाब सांभाळून धरतं. वरचा आकडा १०० दिसला की ‘बीपी ठीक आहे’ असं केसपेपरवर पडतं. शेजारी नाडी ११० लिहिलेली असते, पण दोन आकडे एकमेकांशी ताडून पाहिले जात नाहीत. नाडीला वरच्या रक्तदाबानं भागायचं. उत्तर ०.९च्या पुढे गेलं तर आत कुठेतरी रक्त वाहतं आहे असं धरून चालायचं. या भागाकाराला ना वीज लागते ना परवाना. काही जणींची नाडी वाढतच नाही, हेही खरं. म्हणून हा आकडा संशय वाढवायला वापरायचा, संशय झटकायला कधीच नाही.

संशय येत नाही याला केवळ डॉक्टरांची घाई कारणीभूत नाही. आपल्याकडचं वास्तवच तो येऊ देत नाही. महाराष्ट्रात कुटुंबनियोजन म्हणजे बाईचं ऑपरेशन, असंच समीकरण आहे. विवाहित बायकांपैकी निम्म्याच्या आसपास जणींनी ते करून घेतलेलं असतं. या ऑपरेशननंतर दिवस जाणं फार दुर्मीळ, पण गेलेच तर त्यांतला मोठा वाटा, साधारण तिसरा हिस्सा, नळीतल्या गर्भाचा असतो. बंद केलेल्या नळीत शुक्राणूला शिरण्यापुरती फट उरते, बीजाला बाहेर पडण्यापुरती उरत नाही. आणि नेमकं हेच ऑपरेशन सांगून बाई म्हणते, ‘मला दिवस कसे जातील?’ समोरच्याला ते पटतं. दुसरी वाट मेडिकल स्टोअरमधून जाते. गर्भपाताच्या गोळ्यांना भारतात २००२मध्ये परवानगी मिळाली आणि दोन्ही औषधांचं एकत्र पाकीट २००८पासून आलं. चिठ्ठीशिवाय ते विकायचं नाही असा नियम आहे आणि तो किती पाळला जातो हे सर्वांना माहीत आहे. या गोळ्या पिशवीतल्या गर्भावर चालतात, नळीतल्यावर नाही. मात्र पिशवीचं अस्तर सुटून अंगावरून जातंच. बाई समजते, झालं मोकळं. आठ-दहा दिवसांनी ती कोसळते तेव्हा गोळ्यांचा विषय घरात कुणी काढत नाही, कारण त्या गुपचूप घेतलेल्या असतात. म्हणून ‘ऑपरेशन झालंय का’ आणि ‘कुठल्या गोळ्या घेतल्यास का’ हे दोन प्रश्न नातेवाइकांना बाहेर बसवून, आवाज न चढवता विचारायचे असतात.

आता जागेकडे येऊ. नेरळ म्हटलं की मुंबईकराला १९०७पासून माथेरानला चढणारी छोटी गाडी आठवते. आरोग्याच्या नकाशावर मात्र नेरळ एका वेगळ्याच जंक्शनवर उभं आहे. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. प्राथमिक केंद्राच्या रचनेतच शस्त्रक्रियागृहातला भूलतज्ज्ञ किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ नसतो, तो असायला हवा तालुक्याच्या ठिकाणी कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात. त्याच तालुक्यात कशेळ्याला ग्रामीण रुग्णालय आहे, खालापूर तालुक्यात चौकला. जिल्हा रुग्णालय अलिबागला, म्हणजे खालापूर-पेण ओलांडून समुद्राच्या काठावर. उलट दिशेनं कल्याण लोहमार्गानं तेहेतीस किलोमीटर. कागदावर हे अंतर काहीच नाही. पण मध्यरात्रीनंतर काही तास लोकल नसते; २७ जुलै २०१९ला उल्हास नदीचं पाणी चढलं आणि महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान हजारभर प्रवाशांसह अडकून पडली, तेव्हा नेरळहून कल्याणला जाण्याची हीच वाट पाण्याखाली होती. रस्त्यापर्यंत येण्याचं अंतर तर याहून कठीण. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापुरात इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा साऱ्या राज्याला कळलं की द्रुतगती मार्गापासून हाकेच्या अंतरावर अशी वस्ती आहे जिथे यंत्र चढू शकत नाही, माणसाला पायवाटेनंच जावं लागतं. माथेरानच्या उतारांवरच्या ठाकर, कातकरी वाड्यांतून पेशंट अजूनही झोळीतून खाली येतो. आणि दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघून जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. या सहा-सात महिन्यांत त्या बाईची आशाताई एकीकडे आणि बाई दुसरीकडे.

अशा ठिकाणी काय करता येतं, या प्रश्नाचं उत्तर वैद्यकाच्या इतिहासात आहे, आणि ते आज आपल्याला थोडं ओशाळवाणं वाटावं असं आहे. नळी फुटलेल्या बाईचं पोट उघडून, वाहणारी नळी बांधून कापून तिला वाचवण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया बर्मिंगहॅमच्या लॉसन टेट यांनी १८८३मध्ये केली. तोवर अशी बाई डोळ्यांदेखत मरते हे वैद्यकानं जवळपास मान्यच केलं होतं. टेट यांच्याकडे काय होतं? रक्तगटांचा शोध लागायला अजून अठरा वर्षं होती. प्रतिजैविकं नव्हती. गर्भाशयाची सोनोग्राफी इयन डोनाल्ड यांनी ग्लासगोहून प्रसिद्ध केली ती १९५८मध्ये, म्हणजे पाऊण शतकानंतर. तरी टेट यांनी पुढे शस्त्रक्रिया केलेल्या बहुतेक बायका जगल्या, कारण वाहणारी रक्तवाहिनी वेळेवर बांधली गेली. यातून ‘आजची साधनं नकोत’ असा अर्थ काढणं चूक ठरेल. इतकंच दिसतं, की या रोगात जीव वाचवणारी कृती एकच आहे, तीही साधी: पोट उघडणं आणि एक गाठ मारणं. बाकी सगळं त्या गाठीपर्यंत लवकर आणि जिवंत पोचण्यासाठी. नेरळ-कर्जतमध्ये कोणतंही साधन घ्यायचं की नाही, हे याच कसोटीवर ठरावं: गाठ पडण्याचा क्षण त्यानं जवळ आणला की लांबवला?

या कसोटीवर सर्वात वरचं साधन म्हणजे लघवीची पट्टी. ‘निश्चय’ नावाचं गरोदरपण तपासणीचं किट राष्ट्रीय आरोग्य अभियानातून आशांच्या पिशवीत पोचलेलं आहे. आज ते वापरलं जातं ते दिवस गेल्याची शंका घेऊन येणाऱ्या बाईसाठी. पोटदुखी, भोवळ, अवेळी अंगावरून जाणं किंवा कारण न सापडणारा फिकेपणा घेऊन येणाऱ्या, पाळी सुरू असलेल्या वयाच्या प्रत्येक बाईच्या बाबतीत डॉक्टरनं पोटावर हात ठेवण्याआधी ही पट्टी व्हायला हवी. नळीतल्या गर्भात गरोदरपणाचं संप्रेरक कमी असतं, पण या पट्टीला पकडता येण्याइतकं जवळपास नेहमीच असतं. बाई लघवी करण्याच्या स्थितीत नसेल तर मूत्रमार्गात नळी घालून ती घ्यायची. यावर पहिला आक्षेप येतो तो लाजेचा: अविवाहित मुलीची, विधवेची, नवरा परगावी असलेल्या बाईची अशी तपासणी म्हणजे अपमान. प्रत्येकीची केली, तर तो अपमान उरत नाही. निवडून केली तर उरतो. अठराच्या आतल्या मुलीच्या बाबतीत कायद्याची भीती मोठी आहे, कारण पोक्सो कायद्यानं डॉक्टरवर कळवण्याचं बंधन घातलं आहे. पण जीव वाचवणं कुठल्याही कळवण्याच्या आधी येतं. आणि गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीची ओळख उघड करण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २०२२च्या निकालात म्हटलं आहे. दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो जास्त वजनदार: पट्टी पॉझिटिव्ह आलेल्या बहुतेकींचा गर्भ पिशवीतच असणार, मग अशा सगळ्यांना पुढे पाठवायचं का? गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत पोटदुखी किंवा रक्तस्राव घेऊन तातडीच्या विभागात आलेल्या बायकांत नळीतला गर्भ सहा ते सोळा टक्क्यांत सापडतो, असं परदेशी रुग्णालयांचे अभ्यास सांगतात. म्हणजे दहाजणींतल्या नऊजणी सुखरूप निघतील. पण दहावी कोणती, हे पट्टीनंतर ठरवता येतं. पट्टी नसेल तर कधीच ठरत नाही.

पुढची पायरी सोनोग्राफीची, आणि इथे महाराष्ट्राची अडचण वेगळी आहे. हाताच्या पंजात मावणारी सोनोग्राफी आता मिळते. आफ्रिकेतल्या काही देशांत दाया आणि नर्सही ती वापरतात. आपल्याकडे गर्भलिंग निदान रोखणाऱ्या १९९४च्या कायद्यामुळे यंत्र नोंदलेल्या जागीच आणि पात्र डॉक्टरच्या हातीच राहतं. २०११च्या जनगणनेत राज्यात शून्य ते सहा वयातल्या हजार मुलांमागे ८९४ मुली मोजल्या गेल्या, हे आठवलं की ही कडक बांधणी कुणाला नको वाटू नये. मलाही वाटत नाही. मग रात्रीच्या वेळी सोनोग्राफी नसेल तर? तर सुई आहे. पिशवीमागच्या खळग्यात योनिमार्गानं, किंवा पोट फुगलेलं असेल तर थेट पोटाच्या भिंतीतून, जाड सुई घालून ओढायचं. लाल, न गोठणारं रक्त आलं तर निदान झालं. न गोठणारं अशासाठी, की पोटात साचलेलं रक्त आधीच एकदा गोठून विरघळलेलं असतं. काचेच्या नळीत उभं धरल्यावर गोठलं, तर सुई रक्तवाहिनीत गेली असं समजायचं. सोनोग्राफी आल्यापासून मोठ्या शहरांत ही सुई मागे पडली आणि तरुण डॉक्टरांच्या हातून सुटली. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रसूतीतल्या गुंतागुंतींवरच्या पुस्तिकेत ती अजून आहे. सुई कोरडी आली म्हणून नळीतला गर्भ नाही, असं मात्र म्हणता येत नाही.

आता उपचारांकडे. गेल्या चाळीस वर्षांत या रोगाचं चित्र ज्यानं बदललं ते मेथोट्रेक्सेट हे इंजेक्शन. १९८२मध्ये जपानी डॉक्टरांनी ते नळीच्या मुळाशी अडकलेल्या गर्भावर पहिल्यांदा वापरल्याचं प्रसिद्ध केलं. वाढणाऱ्या पेशी मारून ते गर्भ विरघळवतं, कापाकापी टळते, औषध महाग नाही. मग गरीब भागासाठी हाच उपाय, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात उलटं आहे. हे इंजेक्शन फक्त न फुटलेल्या नळीला, स्थिर बाईला, छोट्या गाठीला आणि संप्रेरकाचा आकडा साधारण ५०००च्या आत असताना चालतं. ते दिल्यावर चौथ्या आणि सातव्या दिवशी रक्तातला तो आकडा मोजावा लागतो. त्या दरम्यान पंधरा टक्क्यांनी उतरला तर पुढे दर आठवड्याला, शून्य होईपर्यंत. मधल्या काळात नळी फुटू शकते आणि फुटली तर तासाभरात शस्त्रक्रियागृह गाठावं लागतं. औषध स्वस्त, पण त्यामागचा पहारा महाग. नेरळ स्टेशनजवळ राहणारी, घरात फोन असलेली, सोबत माणूस असलेली बाई हे इंजेक्शन घेऊ शकते. डोंगरावरच्या वाडीत राहणारीला, किंवा उद्या भट्टीवर जायला निघालेलीला ते देणं म्हणजे तिच्या हातात न फुटलेला सुतळी बॉम्ब देऊन घरी पाठवणं. तिच्यासाठी चाकू जास्त सुरक्षित आहे, हे ऐकायला क्रूर वाटलं तरी.

‘म्हणजे श्रीमंत बाईला दुर्बिणीची शस्त्रक्रिया, गरीब बाईला पोट फाडणं, हा दुय्यम उपचार झाला’, असं म्हणणारे भेटतात. प्रश्न योग्य आहे. दुर्बिणीनं रक्त कमी जातं आणि बाई लवकर घरी जाते, याला पुरावा आहे. स्थिर रुग्ण आणि सवयीचा हात असेल तर ती घ्यावीच. पण कोसळलेल्या बाईत पोट उघडणं सगळ्या जगात मान्य आहे, कारण ते जलद असतं. नळी वाचवण्याच्या आग्रहाचंही असंच झालं. नळी चिरून गर्भ काढायचा आणि नळी ठेवायची, की सरळ नळी काढून टाकायची, यावर मुख्यतः युरोपात ४४६ बायकांची चाचणी झाली आणि २०१४मध्ये प्रसिद्ध झाली. दुसरी नळी निरोगी असलेल्या बायकांत पुढचं गरोदरपण पहिल्या गटात ६०.७ टक्के, दुसऱ्यात ५६.२ टक्के, म्हणजे ठाम फरक नाही. आणि नळी ठेवली की गर्भाचा अंश उरण्याची शक्यता, पुन्हा तो पहारा. वीस मिनिटांत नळी काढून पोट बंद करणारा कर्जतचा सर्जन या आकड्यांपुढे मान खाली घालण्याचं कारण नाही. साधा उपाय म्हणजे हलका उपाय, हे समीकरण महाराष्ट्रातच एकदा मोडलं आहे: धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ तोंगावकर यांनी हर्नियात महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीचं कापड वापरायला सुरुवात केली तेव्हा लोक हसले होते. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या युगांडातल्या चाचणीत तशा स्वस्त जाळीनं महाग जाळीइतकाच गुण दिला.

खरी कोंडी रक्ताची आहे. धंदेवाईक रक्तदात्यांवर बंदी आणणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९९६चा. १ जानेवारी १९९८पासून ती बंदी लागू झाली आणि त्यामागोमाग छोट्या रुग्णालयांत दात्याचं रक्त तपासून तिथेच देण्याची जुनी पद्धतही बेकायदा ठरली. सुरक्षित रक्तासाठी हे हवंच होतं. पण त्याची किंमत रक्तपेढीपासून लांबच्या गावांनी मोजली. पुढे तालुक्याच्या रुग्णालयांना रक्तसाठवणूक केंद्राची मुभा मिळाली. फ्रिज आला तरी मध्यरात्री जुळणाऱ्या गटाच्या चार पिशव्या त्यात असतीलच असं नाही. आणि सर्वात जवळचं, गट तंतोतंत जुळणारं, ताजं रक्त त्याच बाईच्या पोटात साचलेलं असतं. जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ योहान्स थीस यांनी १९१४मध्ये हेच रक्त गाळून तिच्याच शिरेत परत दिल्याचं प्रसिद्ध केलं. आजही जागतिक आरोग्य संघटनेची पुस्तिका त्याची कृती सांगते: रक्त निर्जंतुक भांड्यात गोळा करायचं, गॉजमधून गाळून गुठळ्या वेगळ्या करायच्या, गोठणरोधक द्रव असलेल्या रक्ताच्या पिशवीत भरायचं आणि गाळणीच्या सेटमधून चढवायचं; तयार पिशवी नसेल तर ९० मिलिलिटर रक्ताला १० मिलिलिटर सोडियम सायट्रेट. अट एकच, की रक्त निःसंशय ताजं हवं आणि त्यात जंतू गेलेले नसावेत. दोन दिवसांपूर्वी फुटलेली, ताप आलेली बाई असेल तर हा मार्ग नाही. काही डॉक्टर याला ‘जुगाड’ म्हणून नाक मुरडतात. मोठ्या रुग्णालयात लाखो रुपयांचं यंत्र हेच रक्त धुऊन परत देतं, तेव्हा त्याला कुणी जुगाड म्हणत नाही.

रक्त येईपर्यंत सलाईनचा मारा करणं ही आणखी एक सवय. दोन-तीन लिटर धडाधड सोडले की रक्तदाब वर जातो, तयार झालेली गुठळी सुटते आणि उरलेलं रक्त पाण्यासारखं पातळ होतं. गाठ पडेपर्यंत वरचा आकडा ८०-९०च्या आसपास, बाई शुद्धीवर, एवढं पुरतं. भुलीचंही तसंच: रक्त गेलेल्या बाईला पाठीच्या मणक्यातली भूल दिली की रक्तदाब कोसळतो, केटामाइननं तो टिकतो. एमबीबीएस डॉक्टरला जीवरक्षक भुलीचं प्रशिक्षण देण्याचा केंद्राचा कार्यक्रम याचसाठी आहे. ते शिकून आलेल्या डॉक्टरला परत ओपीडीत बसवून त्याचा हात गंजू देणं ही प्रशासनाची चूक, वैद्यकाची नाही.

आणि शेवटी पाठवणं. नेरळहून बाई निघाली की ती एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जाते; दर पायरीला केसपेपर, दर पायरीला एक बाटली, दर पायरीला ‘इथे सोय नाही, पुढे न्या’. २०१४पासून १०८ची रुग्णवाहिका डॉक्टरसह येते, ही मोठी सुधारणा. पण कुठे न्यायचं, हे रुग्णवाहिकेत बसून ठरू लागलं की तास जातो. कर्जत जवळ म्हणून कर्जत, की तिथे आज रात्री भूल देणारा रजेवर आहे म्हणून थेट कल्याण, उल्हासनगर किंवा पनवेल, हे संध्याकाळी सहालाच ठरलेलं असायला हवं. कर्जत आणि खालापूर तालुक्यांपुरती रोजची एक ओळ पुरे: आज रात्री चाकू आणि भूल दोन्ही कुठे जागे आहेत. ती ओळ प्रत्येक प्राथमिक केंद्राच्या फोनवर जाईल, भिंतीवर खडूनं लिहिली जाईल. निघण्याआधी दोन जाड सुया दोन्ही हातांत, रक्तगटासाठी बाटलीभर नमुना, पुढच्या रुग्णालयाला फोन, आणि सोबत एकच म्हातारी सासू न देता रक्त देऊ शकणारी तिघं-चौघं. याला पैसा लागत नाही असं म्हणणार नाही. लागतो तो फार थोडा, आणि रोज संध्याकाळी तीच कंटाळवाणी ओळ लिहिणारा माणूस लागतो, जो मिळवणं पैशाहून अवघड आहे.

तरीही विचारलं जाईल की इतक्या कमी संख्येच्या रोगासाठी एवढा खटाटोप का. संख्या कमी दिसते त्याचं एक कारण मोजण्याच्या पद्धतीत आहे. मातामृत्यूच्या जागतिक व्याख्येतच लिहिलं आहे, की गर्भ कुठेही असो आणि कितीही दिवसांचा असो, त्या गरोदरपणामुळे आलेला मृत्यू मातामृत्यूच. पण व्याख्या लागू व्हायला आधी गरोदरपण ठाऊक असावं लागतं. भट्टीवर ‘पोटात दुखून’ गेलेली, झोळीतून उतरताना वाटेतच थंड पडलेली बाई कुठल्या रकान्यात जाते, हे रकाना भरणाऱ्यानं काय विचारलं त्यावर ठरतं. अशा प्रत्येक मृत्यूची पडताळणी करण्याची सरकारी पद्धत आहे, तिचे छापील अर्ज आहेत. पंधरा ते एकोणपन्नास वयातल्या, अचानक गेलेल्या प्रत्येक बाईच्या अर्जात एक प्रश्न घालायला हवा, आणि त्याचं उत्तर शोधायला कर्जतच्या तालुका आरोग्य अधिकाऱ्याला दूर जावं लागणार नाही. ती बाई शेवटच्या पंधरा दिवसांत ज्या ज्या दवाखान्यात पोट धरून गेली, तिथल्या केसपेपरवर लघवीच्या पट्टीचा निकाल लिहिलेला आहे का.